सडक्या वांग्यातला विषाणू आणि कॉलेजचा गटप्रकल्प

दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये 2010 साली एका विद्यार्थिनीने सडत पडलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूचा नमुना प्रयोगशाळेत आणला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका अभ्यासक्रमातले ते काम होते : जीवाणूंना मारणारा एखादा विषाणू शोधायचा. तो सापडला. त्याला ‘मडी’ असे नाव मिळाले, त्याची माहिती एका खुल्या संकेतस्थळावर गेली आणि नमुना अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या संग्रहात.

आठ वर्षांनी, 2018 मध्ये, हाच मडी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या 15 वर्षांच्या एका मुलीच्या कामी आला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारामुळे तिच्या दोन्ही फुफ्फुसांचे प्रत्यारोपण झाले होते. त्यानंतर ‘मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस’ या जीवाणूचा संसर्ग तिच्या शरीरात पसरला. हा जीवाणू क्षयाच्या जीवाणूचा चिवट नातलग. प्रतिजैविके त्याला आवरेनात. पिट्सबर्गमधल्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या गटाने संग्रह धुंडाळून तीन विषाणू निवडले. मडी जसाच्या तसा वापरता आला, उरलेल्या दोघांच्या जनुकांत फेरफार करावे लागले. काही महिन्यांत मुलीच्या जखमा भरू लागल्या, यकृतातला संसर्ग ओसरला.

अशा विषाणूंना ‘बॅक्टेरिओफेज’ किंवा नुसते ‘फेज’ म्हणतात. ते माणसाच्या पेशींना संसर्ग करत नाहीत, पण जीवाणूंच्या बाबतीतही फार निवडक असतात. एका रुग्णातल्या जीवाणूवर चालणारा फेज दुसऱ्या रुग्णात निकामी ठरू शकतो. म्हणून संग्रह मोठा हवा. फेज हा रामबाण उपाय नाही, हेही खरे. अशाच चिवट संसर्गाच्या 20 रुग्णांचा अहवाल 2022 मध्ये आला, त्यात 11 जणांना गुण दिसला.

हा संग्रह वाढवण्यात मोठा वाटा आहे तो कॉलेजच्या मुलांचा. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटने 2008 मध्ये ‘सी-फेजेस’ नावाचा उपक्रम अमेरिकेतल्या पदवीच्या नवख्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. आज शंभराहून अधिक महाविद्यालये त्यात आहेत. पहिल्या सत्रात विद्यार्थी अंगणातली, बागेतली माती आणतात आणि ‘मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस’ या निरुपद्रवी जीवाणूवर तिच्यातले फेज वाढवतात. पेट्री डिशमध्ये जीवाणूंच्या थरावर पारदर्शक ठिपके पडले की समजायचे, फेज हजर आहे. ज्याला तो सापडला, त्याने नाव ठेवायचे.

दुसऱ्या सत्रात काम संगणकावर येते. फेजचा डीएनए वाचून झालेला असतो, म्हणजे हजारो अक्षरांची एक सलग ओळ हाती असते. तिच्यात जनुक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे गटाने ठरवायचे. संगणकाचे प्रोग्रॅम अंदाज देतात, पण दोन प्रोग्रॅम कधी कधी दोन वेगळ्या जागा दाखवतात. मग खुल्या संकेतस्थळांवरच्या नातलग फेजांशी तुलना करायची, शेजारच्या जनुकापासूनचे अंतर बघायचे आणि निर्णयाचे कारण लिहायचे. ‘जनुक इथूनच सुरू होतो कशावरून?’ या प्रश्नाला गटातल्या प्रत्येकाकडे उत्तर हवे. अनुभवी तपासनिसांनी पाहिल्यावरच ही माहिती जेनबँक या जागतिक जनुकपेढीत जाते. हॅटफुल आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अशा 627 फेजांच्या जनुकसंचांची तुलना प्रसिद्ध केली, ती विद्यार्थ्यांच्या या कामाच्या बळावर.

नेहमीच्या प्रॅक्टिकलपेक्षा हे वेगळे आहे. आपल्याकडे ग्रॅम स्टेनिंगचा निकाल काय येणार, हे स्लाइड करण्याआधीच माहीत असते. गेल्या वर्षीचे जर्नल समोर ठेवूनही यंदाचे जर्नल पूर्ण होते. इथे मात्र उत्तर कुठेच छापलेले नाही, आणि चूक झाली तर ती जगभरच्या संशोधकांच्या वापरात जाण्याची भीती असते. त्यामुळे मुले एकमेकांचे काम तपासतात.

भारतातही असा प्रयत्न झालेला आहे. क्षयाच्या जीवाणूचा जनुकसंच 1998 मध्ये वाचला गेला, पण त्यातल्या सुमारे 4,000 जनुकांपैकी अनेकांचे काम काय, हे कळलेले नव्हते. सीएसआयआरने 2008 मध्ये सुरू केलेल्या ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ या प्रकल्पाने ‘कनेक्ट टू डिकोड’ या उपक्रमातून विद्यार्थ्यांसह शेकडो जणांना इंटरनेटवर एकत्र आणले. संशोधनपत्रे वाचायची, कोणते प्रथिन कशाशी जोडलेले आहे ते नोंदवायचे आणि दुसऱ्यांनी ते तपासायचे, अशी कामाची पद्धत होती. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात 1,434 प्रथिने आणि त्यांच्यातले 2,575 संबंध मांडले गेले. औषधांसाठी लक्ष्य ठरू शकतील अशी 17 प्रथिने त्यातून पुढे आली. त्यातली पाच आधीच प्रयोगांनी सिद्ध झालेली होती, म्हणजे मार्ग बरोबर होता. जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तिथे हे काम केवळ गुणांसाठी नव्हते.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या अभ्यासक्रमात प्रकल्पांना श्रेयांक मिळू लागले आहेत. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नसलेल्या तालुक्याच्या कॉलेजलाही जेनबँक खुली आहे आणि जनुकांची तुलना करणारी ‘ब्लास्ट’ सारखी साधने फुकट आहेत. अडचण आहे ती गटाची : एकाने राबायचे आणि चौघांनी सह्या ठोकायच्या. त्यावर तोडगा साधा आहे. प्रत्येकाला वेगळे जनुक द्यावे, नोंद त्याच्या नावावर असावी, आणि तोंडी परीक्षेत प्रश्न मात्र जोडीदाराच्या जनुकावर विचारावा. ज्याने जोडीदाराचे काम खरोखर तपासले असेल, त्यालाच उत्तर देता येईल.