विश्लेषण : वळणावर गाडीला हिसका का बसत नाही?

सोलापूरहून अक्कलकोट रोडकडे जाणारी गाडी वळणावर सहसा हिसका देत नाही. घरात मांडलेल्या मॉडेल रेल्वेचे डबे मात्र अनेकदा नेमके वळणाच्या तोंडाशीच घसरतात. असे का?

संक्रमण वक्र म्हणजे काय?
सरळ रूळ थेट गोलाईला जोडला, तर डब्यांना बाजूने एकाएकी धक्का बसतो. म्हणून खऱ्या रेल्वेत दोन्हींच्या मध्ये हळूहळू वाढत जाणारे वळण देतात. हाच संक्रमण वक्र. याच टप्प्यात बाहेरचा रूळही थोडा थोडा उंच होत जातो. भारतीय रेल्वेत यासाठी ‘क्युबिक पॅराबोला’ हा आकार वापरतात.

मॉडेलमध्ये अडचण कुठे येते?
तयार संचात सरळ तुकड्याला लगेच गोल तुकडा लागतो. तिथे लांब डब्यांची टोके एकमेकांपासून सरकतात, कपलिंग आडवे ओढले जाते आणि चाक रूळ सोडते.

उपाय काय?
लवचिक रूळ घ्या. समजा, गोलाईची त्रिज्या ६०० मिमी आणि संक्रमणाची लांबी ३०० मिमी आहे. लांबीच्या वर्गाला त्रिज्येच्या २४ पटीने भागा. उत्तर येते ६.२५ मिमी. गोलाई तेवढी आत सरकवून आखा. संक्रमणाचा निम्मा भाग मूळ सांध्याच्या आधी, निम्मा नंतर ठेवा. एक पातळ लाकडी पट्टी सरळ रेषा आणि गोलाई या दोन्हींना टेकवून वाकवा. मधला आकार ती आपोआप घेते. तिच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि त्या रेषेवर रूळ बसवा.

जागा जेमतेम सहा मिमी जास्त लागते, पण डबे रुळावर राहतात.