नाव कोणी ठेवलं?

श्रावणात चिखलदऱ्यावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. तेव्हा चालते ती हाक. कुणीतरी नाव घेऊन ओरडतं, धुक्यातून ‘ओ’ येते आणि दोघं एकमेकांपर्यंत पोचतात. माणसाला नाव कशाला हवं, याचं याहून सरळ उत्तर मला माहीत नाही.

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत मात्र अजून नाव नसलेली माणसं भेटतात. काही आठवड्यांची, टोपरं घातलेली, आईच्या पदराआड झोपलेली. त्यांच्या कार्डावर नावाच्या जागी ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव असतं. नर्सबाई तशीच हाक मारतात आणि आई बाळाला घेऊन उठते. लेकराची जगातली पहिली ओळख आईच्या नावाने होते. पुढे बारसं होतं, दाखला निघतो, आणि आई त्या नावातून निघून जाते.

वऱ्हाडात बाळंतिणीला पहिला प्रश्न येतो, “काय नाव ठेवलं वं पोट्टीचं?” लगेच दुसरा, “कोनं ठेवलं?” पहिल्याचं उत्तर आपण कौतुकाने देतो. दुसऱ्याकडे फारसं लक्ष देत नाही. या लेखात मला तो दुसरा प्रश्न धरून चालायचं आहे.

डोंगराची आणि माणसांची नावं

इथला डोंगरही गोष्टीशिवाय नाव घेत नाही. विराटाच्या राज्यात द्रौपदीवर वाईट नजर ठेवणाऱ्या कीचकाला भीमाने मारलं आणि या दरीत फेकलं, म्हणून ही कीचकदरा, पुढे चिखलदरा, असं इथे सांगतात. भीमाने हात धुतले ते भीमकुंड. जवळच्या गाविलगडाच्या नावात गवळी आहेत, ज्यांची गुरं या डोंगरात चरली. सेमाडोहजवळून वाहणारी सिपना नदी नाव घेते ते सागाचं. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात.

ज्यांच्या भाषेतून ही नदी बोलते ते कोरकू या डोंगराचे जुने रहिवासी. ‘कोरो’ म्हणजे माणूस, ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसं. मराठी आणि हिंदीच्या वेढ्यात असूनही ही भाषा त्या कुळातली नाही. ती मुंडा गटातली, संथाळी आणि मुंडारीची बहीण. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र मिळून सुमारे सव्वासात लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली.

या डोंगराळ मेळघाटातल्या जुन्या पिढीत वारांवरून पडलेली नावं भेटतात. सोमवारचा सोमा, मंगळवारची मंगली, बुधवारचा बुधा. मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत ही रीत आहे. जिथे घड्याळ आणि पंचांग नव्हतं, तिथे लेकराच्या नावातच त्याच्या जन्माची नोंद राहायची. दुसरी वाट बाजाराची. खंडवा आणि बैतूल इथून जवळ, त्यामुळे बाबूलाल, हिरालाल अशी ‘लाल’ लागलेली नावं डोंगरभर पसरली. वऱ्हाडच्या सपाटीवर त्याच वयाचे लोक गुलाबराव आणि शामराव असतात. घाट चढताना नावाचं शेपूट बदलतं.

आडनावांची गोष्ट आणखी बोलकी आहे. मराठीत ‘कर’ लागलं की आपण गाव शोधतो. नागपूरचा नागपूरकर, अकोल्याचा अकोलकर. मेळघाटात बेठेकर, कासदेकर, जांबेकर ही आडनावं घरोघर आहेत, पण त्यांच्यामागे गाव शोधून सापडणार नाही. ही कोरकू कुळांची नावं आहेत, त्यांना मराठी ‘कर’ येऊन चिकटला. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात त्याच कुळांचे लोक बेठे, कासदे असं लिहितात. जांबू म्हणजे जांभूळ, सकोम म्हणजे पान. झाडापानांशी नातं सांगणारी कुळनावं सरकारी कागदावर एखाद्या गावच्या पाटलासारखी दिसू लागली. कोनं ठेवलं? नाव कुळाने ठेवलं, त्याचा मराठी वेश कागदाने चढवला.

पाटा, वरवंटा आणि कोरा कागद

घाट उतरून परतवाड्याकडे गेलं की नाव ठेवण्याची रीत बदलते. बाळ पाच दिवसांचं झालं की पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, शेजारी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहिते ही श्रद्धा. ज्या घरात कुणालाच अक्षर येत नव्हतं, तिथेही लेकरासाठी कागद ठेवला जायचा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजतो, वरवंट्याला कुंची घालून तोही पाळण्याखालून फिरवतात, बाळ दगडासारखं टणक राहावं म्हणून. मग आत्या बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात. घुगऱ्या वाटल्या जातात. लग्न होऊन गेलेली लेक माहेरच्या वंशाचं नाव पहिल्यांदा उच्चारते, हा त्या घरात तिला राहिलेला मान आहे. बाळाचे आजोबा कितीही करारी असोत, त्या क्षणी शब्द आत्याचा असतो.

मुसलमान घरांत जन्मल्यावर बाळाच्या उजव्या कानात अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची रीत आहे. दोन्हीकडे शब्द आधी कानात जातो, मग नाव जगात.

शास्त्राने एका बाळाला चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. मार्गशीर्षात जन्मलेल्याचं महिन्याचं नाव कृष्ण. नक्षत्राच्या नावाला आपण नावरस नाव म्हणतो. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. आर्द्राच्या वाट्याला ङ येतो आणि उत्तराभाद्रपदाला ञ. या अक्षरांवरून कुणी नाव ठेवू शकत नाही, म्हणून शेजारचं अक्षर घेतात. नियम कडक असला तरी बाळापुढे तो वाकतो.

मनुस्मृतीने मुलीचं नाव उच्चारायला सोपं आणि शेवटी दीर्घ स्वराचं असावं म्हटलं. आपल्याकडच्या गंगा, यमुना, गोदावरी त्यात चपखल बसल्या. पण आईला कोणतं नाव आवडतं, हे यापैकी कुठलाही नियम विचारत नाही.

दगडू, धोंडू आणि नकुसा

काही नावं भीतीने ठेवली. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरू, उकर्डा. दृष्ट लागू नये, यमाने ओझरतं पाहून पुढे जावं, म्हणून लेकराला उकिरड्याचं नाव. आज असं नाव ऐकून हसू येईल, पण ते ठेवणाऱ्या आईचा विचार केला की घसा दाटतो. मेळघाट आणि बालमृत्यू हे शब्द किती वर्षं बातम्यांत जोडीने आले. या मातीत तरी त्या नावांना कुणी हसू नये.

भीतीच्या नावात माया होती. नकोशीच्या नावात ती नव्हती. मुलींवर मुली झाल्या की पश्चिम महाराष्ट्रात शेवटचीला नकुसा म्हणत. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींनी एकाच समारंभात नवी नावं घेतली. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावं ठेवणे’ यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. नकुसाच्या बाबतीत तेही उरलं नव्हतं. त्या दिवशी ‘कोनं ठेवलं?’ या प्रश्नाला मुलींनी उत्तर दिलं: मी.

लग्नानंतर तर मोठ्या मुलीचंही पुन्हा बारसं व्हायचं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, की माहेरचं नाव मिटलं. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या.

मिळवलेली नावं

वऱ्हाडाला कमावलेल्या नावांचाही वारसा आहे. १८७६ साली शेंडगावात जन्मलेले डेबूजी हातात मातीचं गाडगं घेऊन गावोगाव झाडू मारत फिरले आणि लोकांनी त्यांना गाडगेबाबा केलं. १९०९ साली यावलीत जन्मलेल्या माणिकला गुरू आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं आणि ते तुकडोजी महाराज झाले. फुटक्या भांड्याचं आणि भाकरीच्या तुकड्याचं नाव घेऊन ही माणसं मोठी झाली. ‘लेकरानं नाव काढलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ठेवलेलं नाव आणि काढलेलं नाव या दोन गोष्टी असतात हे भाषेला ठाऊक असतं.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि वऱ्हाडातल्या हजारो घरांत पाळण्यातली नावं बदलली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या धोंड्या, सख्या असं तोडून हाक मारली गेली, त्यांच्या घरी सिद्धार्थ, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा जन्माला आले. नावाच्या शेवटी ‘राव’ लागणार की ‘या’, हे जात ठरवत होती. आईबापांनी तो हक्क परत घेतला. बाळाचं नाव ठेवणं इतकं धाडसाचं काम असू शकतं.

कागदावरचं बारसं

सटवाईच्या कागदानंतरचा दुसरा कागद सरकारचा. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९चा. जन्म २१ दिवसांत कळवायचा. नाव ठरलं नसेल तर नाव न घालताही जन्माची नोंद होते आणि नाव पहिल्या बारा महिन्यांत विनाशुल्क भरता येतं. पुढे विलंब शुल्क देऊन पंधरा वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी हाच दाखला आधार झाला आहे.

पूर्वी ही जागा मास्तरांची होती. मूल शाळेत आलं की घरच्या हाकेऐवजी शाळेचं नाव आणि माहीत नसलेल्या जन्मतारखेऐवजी १ जून मास्तरांनीच लिहून टाकलं, असं महाराष्ट्रभर झालं. आता दाखल्यात जे उतरेल ते आयुष्यभर सोबत येतं. एका कागदावर सोमा आणि दुसऱ्यावर सोमाजी असेल, तर पोरगा मोठा झाल्यावर राजपत्रात नावबदल छापून आणण्यापर्यंत खेटे पडतात. म्हणून मेळघाटातल्या आईबापांना माझं कळकळीचं सांगणं आहे. नाव सांगताना घाई करू नका. लिहिलेलं वाचून दाखवायला लावा. कोरकू उच्चार असेल तर दोनदा म्हणून दाखवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत नीट बघून मगच सही किंवा अंगठा करा.

आज काय ठेवावं?

आजकाल आईबाप मोबाईलवर नाव शोधतात. विहान, रुद्र, शिवांश, सान्वी, आरोही ही नावं मुंबईपासून धारणीपर्यंत एकाच सुमाराला पोचली. कुणाकडेच नसलेलं नाव हवं म्हणून शोधायला बसतात आणि वर्गात त्याच नावाची तीन मुलं निघतात. याद्यांत दिलेला अर्थ खरा असेलच असं नाही, म्हणून शब्दकोश उघडावा. नाव मोठ्याने म्हणून बघावं. आजीच्या तोंडात ते बसतं का? मराठीत आपण ‘ज्ञ’ला द्न्य म्हणतो, घाटापलीकडे ग्य म्हणतात, दोन्हीकडे लेकरू ‘ओ’ देईल का? आणि जवळ काय आहे तेही पाहावं. आळंदीच्या चार भावंडांची नावं निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ओळीने म्हटली तर एकेक पायरी चढत मुक्तीपर्यंत नेतात. आईबापांनी शब्द दूरचे शोधले नव्हते, जे जगत होते त्यातूनच घेतले. गंगेचं नाव मुलीला शोभतं, तसं पूर्णेचं शोभतं आणि सिपनेचंही शोभेल. जंगलातल्या सागाचं नाव घेतलेली नदी लेकीच्या नावात आली, तर एका भाषेला घर मिळेल.

आता त्या कार्डाकडे परत येते. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय केला की १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत नाव या क्रमाने लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. तोवर आईसाठी फार तर वेगळा रकाना होता, नावात जागा नव्हती. नऊ महिने पोटात वाढवून ‘बेबी ऑफ’ पुढे जिचं नाव लागतं, ती बारशाबरोबर गळून पडायची. आता ती राहणार आहे. दहावीच्या गुणपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, सातबाऱ्यावर.

नर्सबाई पुढच्या वेळी त्या बाळाला त्याच्या स्वतःच्या नावाने बोलावतील. पूर्ण नाव वाचलं तर आईचंही नाव त्यात ऐकू येईल आणि धुक्यातून ‘ओ’ द्यायला दोघं एकदमच उठतील.