चिरलेल्या भाजीत कस उरतो का?

भाजी चिरली की तिच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि त्याची हवेशी गाठ पडते. कोकणातल्या मालगुंडच्या स्वयंपाकघरात हे कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरताना डोळ्यांसमोर घडते. चीक चिकटू नये म्हणून विळीला खोबरेल लावतात. पण फोडी पाण्यात टाकायला जरा उशीर झाला की त्या तपकिरी पडतात. फोडींतले विकर आणि हवेतला ऑक्सिजन यांची ही करामत. भाजी काळवंडली म्हणजे तिच्यातला कस गेला, हा समज यातूनच आला असावा. प्रत्यक्षात चोथा आणि खनिजे नुसत्या चिरण्याने कुठे जात नाहीत. झीज होते ती मुख्यतः क जीवनसत्त्वाची, कारण ते हवा, उष्णता आणि पाणी या तिन्हींपुढे नाजूक ठरते.

ही झीज समजली जाते तेवढी मोठी नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2006 मध्ये चिरलेली फळे 5 अंश सेल्सिअसला 6 दिवस ठेवून पाहिली. आंबा आणि कलिंगड यांतले क जीवनसत्त्व जास्तीत जास्त 5 टक्के घटले, अननसातले 10 टक्के, तर खरबुजातले 25 टक्के. हे आकडे फळांचे आहेत आणि थंडाव्यातले आहेत. बारीक चिरलेली पालेभाजी उन्हातल्या पाटीत असेल, तर तिला ते लावता येणार नाहीत.

उलटा गैरसमजही तितकाच पक्का आहे: अख्खी ती ताजी. पावसाळ्यात कोकणातल्या बाजारात येणारी बरीचशी भाजी घाटावरून येते. परसातल्या वाफ्यातून उपटून तासाभरात चुलीवर चढलेला मुळा आणि दोन दिवस प्रवास करून मान टाकलेली पालकाची जुडी, दोन्ही अख्ख्याच. पण पालेभाजीची झीज तोडल्या क्षणापासून सुरू होते, विळीची वाट पाहत नाही. त्यामुळे सकाळी चिरून लगेच थंड ठेवलेल्या भाजीचे पाकीट त्या जुडीपेक्षा सरस ठरू शकते. कोबीच्या गड्ड्याची गोष्ट वेगळी. तो अख्खा असेपर्यंत बरेच दिवस टिकतो.

काही गोष्टी तर कापल्याशिवाय तयारच होत नाहीत. लसणीतले ॲलिसिन ती ठेचल्यावर बनते. कोबीचा उग्र वास देणारी गंधकयुक्त द्रव्येही पाने चिरल्यावर मोकळी होतात.

चिरलेल्या भाजीचा खरा धोका पोषणात नाही, जंतूंत आहे. साल हे भाजीचे चिलखत. ते निघाले की ओलसर, रसाळ पृष्ठभाग जंतूंना आयता मिळतो. 2006 मध्ये अमेरिकेत पिशवीबंद पालकातून ई. कोलाय जंतूंची लागण पसरली आणि सुमारे 200 जण आजारी पडले. थंडावा जंतूंची वाढ मंदावतो, पण लिस्टेरियासारखे जंतू फ्रीजमध्येही वाढतात. पावसात वीज तासन् तास गेली, तर दुकानातला फ्रीज बंद कपाटच होतो. फुगलेली पिशवी, तळाला साचलेले पाणी, बुळबुळीत कडा किंवा आंबूस वास असेल तर ते पाकीट घेऊ नये. भाजी नीट शिजवल्यास बहुतेक जंतू मरतात, म्हणून उकडून केलेल्या कुयरीच्या भाजीपेक्षा कच्च्या कोशिंबिरीत जास्त जपावे लागते.

पाकिटातली भाजी धुतलेलीच असते, हेही सरसकट खरे नाही. परवानाधारक उत्पादकाच्या वेष्टनावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) 14 अंकी परवाना क्रमांक आणि तारीख असते. बाजारात थर्माकोलच्या ताटलीवर प्लास्टिक ताणून विकली जाणारी भाजी अनेकदा नुसती चिरलेली असते. ती धुवायलाच हवी. मात्र घरी आधी चिरून मग धुणे ही खोड महागात पडते, कारण पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. केळफूल चिरून रात्रभर ताकपाण्यात ठेवतात ते तुरटपणा आणि काळेपणा घालवायला. त्यात थोडा कसही जातो, पण त्याशिवाय ते खाववत नाही.

चिरून साठवलेली भाजी कोकणाला नवी नाहीच. कच्च्या फणसाचे गरे मिठात मुरवून पावसाळ्यासाठी ठेवतात. मीठ जंतूंना रोखते, चोथा आणि पिष्ट टिकून राहते, क जीवनसत्त्व मात्र जवळजवळ संपते. शिजवण्यापूर्वी हे खारातले गरे पाणी बदलत भिजवले तरी बरेच मीठ आत उरते. उच्च रक्तदाब असलेल्यांच्या ताटात ते थोडेच असावेत.