मिठांत राबणारे जंतु

मीठ घातलें म्हणजे पदार्थ नासत नाहीं, हा अनुभव घरोघरचा आहे. लोणचें व खारी मासळी टिकतात त्या मिठाच्याच जोरावर. परंतु मीठ सर्वच जंतूंचा नाश करतें असें नाहीं. तें कुजविणाऱ्यांस हांकलून देतें आणि कांहीं उपयुक्त जंतूंस जागा मोकळी करून देतें.

थायलंडांतील ‘नाम प्ला’, म्हणजे ‘मासळीचें पाणी’, हें याचें उत्तम उदाहरण होय. आपल्या मांदेलीच्या कुळांतील लहान मासळीच्या दोन-तीन भागांस एक भाग मीठ या प्रमाणांत टांकें भरतात व तें १२ ते १८ महिने तसेंच ठेवतात. तेवढ्या काळांत मासळी विरघळून तिचा तांबूस, रुचकर रस होतो. हें काम प्रथिनें पचविणाऱ्या द्रव्यांचें. शास्त्रांत त्यांस विकरें म्हणतात. कांहीं विकरें मासळीच्या आंतड्यांतलींच असतात, पण मिठानें त्यांचा जोर मंदावतो. अशा वेळीं मिठांत वाढणाऱ्या जंतूंचा हातभार लागतो.

तेथील सुरनारी विद्यापीठाच्या संशोधकांनीं या आंबवणींतून ‘व्हर्जिबॅसिलस’ जातीचे जंतु वेगळे काढले. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या शोधाप्रमाणें त्यांतील एका जंतूच्या विकराचा जोर मिठानें घटण्याऐवजीं वाढला. साधें विकर दाट मिठांत पाण्यावांचून निकामी होतें. मीठ सोसणाऱ्या अनेक विकरांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युद्भार अधिक असतो. त्यायोगें तीं भोंवतीं पाणी धरून ठेवतात.

याचा व्यवहारांत उपयोग काय, असें वाचक विचारतील. टांकें वर्षभर अडकलें म्हणजे भांडवलहि अडकलें. घाईनें मीठ कमी करावें, तर माल कुजतो आणि हिस्टामिन नांवाचें अपायकारक द्रव्य वाढतें; तें शिजवूनहि जात नाहीं. म्हणून मिठास हात न लावतां योग्य जंतूंचें विरजण लावून काळ वांचवावा, असे प्रयोग तेथें झाले आहेत.

ही गोष्ट केवळ कोळ्यांच्या कामाची नव्हे. जपानांत सोयाबीनचा ‘शोयू’ शेंकडा १७-१८ मिठाच्या पाण्यांतच मुरतो. तेथें पचनाचें मुख्य काम बुरशीच्या विकरांकडे असतें, आणि मीठ त्यांसहि मंद करतें. आपलें सोयाबीन मुख्यतः तेल व पेंडीसाठींच विकलें जातें. त्यापासून असा टिकाऊ पदार्थ करूं इच्छिणारानें एवढें ध्यानांत ठेवावें : शेतास जसें बीं पारखून घ्यावयाचें, तसेंच टांक्यास विरजण.