गाठीवरची चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे

आम्ही करमाडला कापडाचा धंदा करतो. भिवंडीहून निघालेल्या गाठीवरचा पूर्ण पत्ता वाटेतला हमाल वाचत नाही; मार्क्याचा नंबर पाहून गाठ ट्रकमध्ये टाकतो. संगणकाच्या जाळ्यातली 'एमपीएलएस' पद्धत तशीच आहे. माहितीच्या पुडक्यावर पहिल्या नाक्याला नंबर लागतो, पुढच्या नाक्यांवर तो बदलतो, शेवटी उतरतो. तिचा मूळ आराखडा जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झाला.

एके काळी हे मुख्यतः महागड्या यंत्रांचे काम होते. जून २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१ या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत ही सोय आली. म्हणजे साध्या संगणकावरही नंबर बदलता येतो. फक्त जाणकार माणूस हवा.

पण व्यापारी बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. 'ही लाइन घ्या, हिशोब सुरक्षित' असे कोणी म्हटले तर विचारा, माल कुलुपात जातो का? नंबर गाठीची वाट ठरवतो, गाठ शिवून बंद करत नाही. दुकान आणि गोदाम जोडायचे असेल तर साध्या लाइनवर कुलूपबंद मार्ग पुरतो. तशी 'वायरगार्ड' सोय लिनक्समध्ये २०२० पासून आहे. बिल भरण्याआधी एवढे तरी विचारावे.