स्वमग्न बालकांची दृष्टी : तपासणी कशी व केव्हा?

शालेय नेत्रतपासणीच्या नोंदवहीत काही मुलांच्या नावापुढे ‘तपासणीस सहकार्य केले नाही’ असा शेरा आढळतो. या शेऱ्यावरून मुलाची दृष्टी चांगली आहे की अधू, हे कळत नाही. ती तपासली गेलेली नाही, एवढेच कळते. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असलेल्या मुलांच्या वाट्याला असा शेरा सहज येतो. अशा मुलांची नेत्रतपासणी शक्य आहे, इतकेच नव्हे तर ती इतरांहून अधिक आवश्यक आहे, हे आमच्या हितचिंतकांपुढे, तसेच शिक्षक व अंगणवाडी सेविकांपुढे मांडावे, या हेतूने हे टिपण देत आहोत.

स्वमग्नता हा डोळ्यांचा आजार नव्हे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी तिचे सविस्तर वर्णन केले. ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून संवाद, सामाजिक देवाणघेवाण आणि स्पर्श, आवाज, प्रकाश यांची जाणीव यांवर तिचा परिणाम होतो. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात व पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात तिचा समावेश झाला. विविध देशांतील अभ्यासांत असे आढळले आहे की, चष्म्याचा नंबर व तिरळेपणा हे दोष स्वमग्न मुलांत इतर मुलांपेक्षा अधिक प्रमाणात असतात.

अडचण अशी, की या दोन्ही गोष्टींची लक्षणे एकमेकींत मिसळतात. नजरेला नजर न देणे, वस्तू डोळ्यांजवळ धरणे, डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिरपे पाहणे, मान कलती ठेवणे ही लक्षणे स्वमग्नतेत दिसतात, तशीच ती मोठा नंबर किंवा तिरळेपणा असलेल्या मुलातही दिसतात. ‘त्याचा स्वभावच तसा’ असे मानले गेले, तर चष्म्याने सुधारणारा दोष तसाच राहतो. याउलट, जन्मतः अंध असलेले मूलही अंग डोलवते, ऐकलेले शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते. त्याला केवळ स्वमग्न समजले गेले, तर मोतीबिंदूसारखे कारण दुर्लक्षित राहू शकते. म्हणून स्वमग्नतेची शंका येताच श्रवणाबरोबर दृष्टीचीही तपासणी झाली पाहिजे.

या कामात कालमर्यादेला फार महत्त्व आहे. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारी प्रतिमा हळूहळू नाकारू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. सात-आठ वर्षे वयापर्यंत चष्मा व चांगल्या डोळ्यावरील पट्टी यांचा उत्तम उपयोग होतो. त्यानंतर उपचाराचे यश कमी होत जाते. मूल बोलू लागल्यावर तपासू, असे म्हणून थांबल्यास नेमकी हीच वर्षे हातची जातात.

दुसरा धोका आहाराचा. अनेक स्वमग्न मुले ठरावीक रंगाचे वा चवीचे दोन-तीनच पदार्थ खातात. भाताचा हा प्रदेश. मूल केवळ पांढऱ्या भातावर राहिले, तर ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव निर्माण होते. आधी रातांधळेपणा येतो, मग डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात आणि अखेरीस बुबुळास जखम होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. शासनाच्या कार्यक्रमात नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत या जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. मुलाचा आहारातील हट्ट मात्र पाचव्या वर्षी संपत नाही. अशा मुलाच्या आहाराची चौकशी त्यानंतरही करीत राहावी. शेवग्याचा पाला, भोपळा, पपई, आंबा, अंडे यांपैकी जे मुलाला चालेल, ते थोडे थोडे नेहमीच्या अन्नात मिसळून द्यावे.

आता तपासणीविषयी. तक्त्यावरील अक्षरे वाचून दाखवणे ही दृष्टी मोजण्याची केवळ एक रीत आहे. रेटिनोस्कोप या उपकरणाने डोळ्यात प्रकाश टाकून, औषधाने बाहुली मोठी केल्यावर, मुलाने एक शब्दही न बोलता चष्म्याचा नंबर काढता येतो. बाहुलीतून येणारी लालसर चमक पाहून मोतीबिंदूची शंका घेता येते. एका बाजूस पट्टे व दुसऱ्या बाजूस कोरा भाग असलेले कार्ड दाखवल्यास दिसणारे मूल आपोआप पट्ट्यांकडे पाहते. चित्राशी चित्र जुळवण्याचा खेळही याच कामी येतो. फोटोस्क्रीनर सुमारे एक मीटर अंतरावरून, मुलाला स्पर्श न करता, प्राथमिक तपासणी करतो.

आमच्या भागात ही साधने दुहेरी उपयोगाची आहेत. एटापल्ली-भामरागडकडील माडिया, अन्यत्र गोंडी, सिरोंच्याकडील तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मूल मराठी अक्षरतक्त्यापुढे गप्प राहिले, तर ते भाषेमुळे, स्वमग्नतेमुळे की न दिसल्यामुळे, हे ठरवणे कठीण असते. ज्या तपासणीला भाषाच लागत नाही, तिथे हा प्रश्न उरत नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित असून दृष्टिदोष व स्वमग्नता या दोहोंचा त्यात अंतर्भाव आहे. ‘सहकार्य केले नाही’ हा शेरा त्या मुलाला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवण्याचे कारण मानला जावा, ही आमची विनंती आहे. सिरोंच्याहून जिल्ह्याच्या ठिकाणचे अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि पावसाळ्यात भामरागडकडील अनेक गावांचा संपर्क तुटतो. म्हणून एकाच फेरीत अधिकाधिक तपासण्या व्हाव्यात, अशी आखणी करणे इष्ट.

पालकांनी येण्यापूर्वी काही दिवस घरीच बॅटरीचा उजेड, डोळ्यावर हात ठेवणे, चष्म्याची रिकामी चौकट यांची खेळातून सवय करावी. मुलाची आवडती वस्तू सोबत आणावी. गर्दी नसलेली वेळ व शांत खोली मिळावी, असे आधी कळवावे. मूल पहिल्या दिवशी चष्मा फेकून देईल. रोज काही मिनिटे, त्याच्या आवडत्या कामाच्या वेळी घालत गेल्यास बहुतेक मुले तो स्वीकारतात.

चष्म्याने स्वमग्नता बरी होत नाही, हे आम्ही पालकांना स्पष्टपणे सांगतो. परंतु ज्या मुलाला जगाशी नाते जोडणे मुळातच कठीण जाते, त्याच्यापुढचे जग अंधुक राहू नये, एवढे करणे आपल्या हाती आहे.