स्वर्गातला मासा

आमच्या घराण्याचा आणि माशांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. पण तो ताटातला. वेंगुर्ल्याकडची माणसे आम्ही. जिवंत मासा विकत आणून उलट त्यालाच खाऊ घालावयाचे, ही कल्पना माझ्या आईच्या गळी उतरणे कठीणच होते. पुण्याच्या आमच्या बैठकीच्या खोलीत काचेची पेटी आली, तेव्हा तिने चष्मा लावून आत पाहिले आणि विचारले, “एवढेसेच? ह्यांचे तिखले तरी व्हायचे का रे?” आज तिची खुर्ची त्याच पेटीसमोर असते, ही गोष्ट वेगळी.

ह्या माशाला इंग्रज लोक ‘पॅरडाइज फिश’ म्हणतात. स्वर्गातला मासा! बोटभर लांबीचा. अंगावर निळ्या आणि नारिंगी-तांबड्या रंगांचे उभे पट्टे, कल्ल्याच्या झाकणावर एक गडद निळा ठिपका, आणि नराचे पर व शेपटी अशी लांब, की जणू पदर सोडून चालला आहे. रागावला म्हणजे हे रंग असे काही पेटतात, की ज्याने नाव ठेवले त्याच्या रसिकतेला दाद द्यावी. शास्त्रज्ञांनी मात्र त्याला ‘मॅक्रोपोडस’ ठरविले. ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मोठ्या पायांचा’. पोटाखालचे लांब पर त्यांना पायांसारखे दिसले असावेत. कांगारूच्या शास्त्रीय नावाचाही हाच अर्थ आहे! एकाला स्वर्ग दिसला, दुसऱ्याला पाय. भाषेच्या प्राध्यापकाला अशा गोष्टींत माशाइतकाच रस असतो, म्हणून सांगितले.

त्याचा खरा मुलूख म्हणजे दक्षिण चीन, तैवान आणि उत्तर व्हिएतनाम. तिथे तो स्वर्गात वगैरे राहत नाही. भातखाचरांत, पाटांत, गवताळ डबक्यांत राहतो. १८६९ साली तो पॅरिसला पोहोचला आणि पिएर कार्बोनिए नावाच्या मत्स्यपालकाने तिथे त्याची वीण करून दाखविली. घरात मासे पाळण्याची हौस युरोपात फोफावली, तिच्या आरंभीच्या मानकऱ्यांत सोनमाशाच्या जोडीला हा होता.

त्या काळी एवढा प्रवास त्याला कसा झेपला असेल? ह्याचे उत्तर त्याच्या डोक्यात आहे. कल्ल्यांच्या वर त्याला घड्याघड्यांचे एक इंद्रिय असते. त्याला ‘लॅबिरिन्थ’ म्हणजे भूलभुलैया असेच नाव आहे. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो, आणि त्या घड्यांतल्या रक्तवाहिन्या हवेतला प्राणवायू शोषून घेतात. आपल्याकडची मरळ चिखलात तग धरते तीही हवा घेऊनच. भातखाचरातले कोमट, साचलेले पाणी प्राणवायूला महाग असते. तिथे हे इंद्रिय म्हणजे जीव की प्राण.

पण ह्या सोयीनेच बिचाऱ्याचा घात केला आहे. पहिल्या दिवशी दुकानदाराने मला तो लोणच्याच्या बरणीएवढ्या भांड्यात दाखविला आणि म्हणाला, “साहेब, ह्याला पंप लागत नाही, काही लागत नाही. कशातही राहतो.” ‘राहणे’ आणि ‘तग धरणे’ ह्या दोन क्रियापदांतला भेद मी वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे, तो एवढा स्पष्ट कधी दिसला नव्हता. भूलभुलैया हवेचा प्रश्न सोडवितो, घाणीचा नव्हे. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया टाकीत असतो, आणि वाडगाभर पाण्यात हे विष साचावयास वेळ लागत नाही. दुसरा एखादा मासा अशा पाण्यात लवकर मरून तक्रार तरी नोंदवितो. हा वर येऊन हवा घेतो, रंग उडालेल्या अंगाने तळाशी बसतो, आणि आपण म्हणतो, किती शांत आहे!

म्हणून आधी घर, मग पाहुणा. नर-मादीच्या जोडीला २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच पेटी बरी. तीत सुमारे ७० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन ७० किलो, हे ध्यानात ठेवून ती कुठे ठेवावयाची ते ठरवावे. पेटी भरली की लगेच मासे सोडण्याची घाई मुले करतात, मोठेही करतात. परंतु अमोनिया पचविणारे सूक्ष्म जंतू गाळणीत वसावयास चार ते सहा आठवडे लागतात. विरजणाशिवाय दही लागत नाही, तसेच हे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन काढणारे औषध दुकानात मिळते, ते वापरावे. गाळणी मंद असावी, झाडी दाट असावी, आणि वर झाकण हवेच, कारण हे महाशय उड्या मारण्यात पटाईत आहेत. पुण्याच्या थंडीचा त्यांना त्रास नाही. १६ ते २६ अंश हे त्यांना मानवणारे तापमान. तेव्हा पाणी तापविण्याचे यंत्र नको, मे महिन्यातले ऊन मात्र पेटीवर येऊ देऊ नये. खावयास डासांच्या अळ्या मिळाल्या तर चैनच.

आणि दोन नर एका पेटीत? मुळीच नाही. पर फाटेपर्यंत भांडतात.

खरी मौज विणीच्या दिवसांत. आमच्या रस्त्यावर बदामाची झाडे आहेत. त्यांचे एक वाळलेले पान मुलीने पाण्यावर सोडले होते. एके सकाळी पाहतो तो नर त्या पानाखाली कामाला लागलेला. हवा घ्यावयाची, तोंडातल्या चिकट रसात घोळवावयाची, बुडबुडा सोडावयाचा. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुपारपर्यंत पानाखाली फेसाचे घरटे तयार! मग मादीला आमंत्रण. घरट्याखाली नर आपले शरीर तिच्याभोवती कमानीसारखे वळवितो, क्षणभर दोघे निश्चल होतात, आणि मोहरीहून बारीक अंडी वर तरंगू लागतात. इकडेतिकडे गेलेली अंडी तो तोंडाने वेचून फेसात नेऊन ठेवतो. असे कित्येक वेळा.

हे संपले की त्याच नराचा जमदग्नी होतो. मादी आता अंड्यांना धोका! तो तिला असा पिटाळतो, की लपावयास जागा नसेल तर तिचा जीवही जातो. आम्ही तिला जाळीने उचलून दुसऱ्या पेटीत ठेवले. सौ. शेजारीच उभी होती. म्हणाली, “बाळंतीण माहेरी आणि बाळे बापाच्या गळ्यात. आपल्याकडे कधी व्हायचे असे?” मी वर्तमानपत्र वर धरले.

एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले फेसाला उलटी लोंबकळतात. मला तर एखाद्या ओळीतले सगळे स्वल्पविराम एकदम दिसल्यासारखे वाटले. एखादे निसटून खाली पडू लागले की बाप धावतो, त्याला तोंडात घेतो आणि वर नेऊन हळूच थुंकतो. रात्री दोन वाजता पाणी प्यावयास उठलो, तेव्हा आई अंधारात पेटीसमोर बसलेली. “सारखा खाली-वर करतोय बघ,” ती म्हणाली. “डोळ्याला डोळा नाही त्याच्या.” माशाला पापण्या नसतात, हे मी तिला सांगितले नाही.

तीन-चार दिवसांनी पिल्ले स्वतः पोहू लागली, की बापालाही दूर करावे लागते. पिल्ले विखुरली म्हणजे राखणदार कोणत्या क्षणी भक्षक होईल, ह्याचा नेम नाही. जाळी पेटीत घालताना आईने मला दोनदा थांबविले. “आजची रात्र राहू दे.” राहू दिली नाही. पुढे पिल्लांना सूक्ष्म जीवांचे पाणी, मग आर्टेमियाची अळी. त्यांचे ते हवा घेणारे इंद्रिय काही आठवड्यांनी तयार होते. तोवर झाकण घट्ट ठेवून पाण्यावरची हवा दमट आणि उबदार राखली.

एका विणीत शेकडो पिल्ले निघतात. आमच्याकडे एकोणतीस वाढली. आता त्यांचे करावयाचे काय? शेजाऱ्यांनी सुचविले, “तळ्यात सोडून द्या, पुण्य लागेल.” पण हा परमुलखातला, भांडखोर, लहान जीव गिळणारा मासा आपल्या तळ्यात किंवा विहिरीत सोडणे म्हणजे तिथल्या माशांच्या घरात गुंड भाडेकरू घुसविणे. तेव्हा वाटून टाकणे हाच मार्ग. मुलीने वही घातली: कोणाला नर, कोणाला मादी, पेटी केवढी, भरून किती दिवस झाले. माझ्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्यांनी टेबलावरच्या काचेच्या बरणीसाठी एक नर मागितला. तिने बरणीचे माप विचारून घेतले, वहीत पाहिले आणि म्हणाली, “काका, तिच्यात लिंबाचे लोणचे छान राहील. आजीकडून आणून देऊ का?”